लॉक झालेला लोडिंग बोर्ड: ड्रॅग बंद करताना आणखी काय काय बंद पडलं

नाशिक जिल्ह्यातला द्राक्षाचा निर्यात हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. या काळात दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत पट्ट्यातली पॅकहाऊस रात्रंदिवस चालू असतात. सकाळी बागेतून माल येतो, पॅकिंग होतं, प्री-कूलिंग होतं, आणि संध्याकाळनंतर रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे, कंटेनर भरायला लागतात. भरलेला कंटेनर मुंबई-आग्रा महामार्गाने कसारा घाट उतरून न्हावा शेवा बंदराकडे निघतो. हे प्रकरण त्याच पट्ट्यातल्या एका पॅकहाऊसच्या वेब सॉफ्टवेअरचं आहे. नाव देत नाही. सॉफ्टवेअर दुसऱ्या एका टीमने लिहिलेलं होतं. हंगामाच्या मध्यावर दुरुस्तीसाठी ते माझ्याकडे आलं.

त्यातलं मुख्य पान म्हणजे लोडिंग बोर्ड. प्रत्येक पॅलेटचं एक कार्ड. डावीकडे कोल्ड स्टोरेजमध्ये तयार असलेली पॅलेट, उजवीकडे एकेका कंटेनरचा रकाना. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा माग अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर नोंदलेल्या बागेपर्यंत ठेवावा लागतो, त्यामुळे कार्डावर पॅलेट नंबरासोबत बागेचा नोंदणी क्रमांक, वाण आणि कीटकनाशकांच्या अंश तपासणीच्या अहवालाची लिंक असते. सुपरवायझर कार्ड ओढून (ड्रॅग करून) कंटेनरच्या रकान्यात टाकतात आणि क्रम लावतात: कोणतं पॅलेट आत, कोणतं दाराशी. क्रम पक्का झाला की ‘प्लॅन लॉक’ दाबायचं. त्यानंतर कोणी कार्ड हलवू नये. कागदपत्रात एक क्रम आणि गाडीत दुसरा, असं झालं तर निस्तरता निस्तरत नाही, म्हणून ही अट अगदी रास्त होती.

लॉक झाल्यावर मात्र बोर्डाचं काम संपत नाही, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने सुरू होतं. लॉक झालेल्या कार्डावर दोन नव्या चौकटी उघडतात, लोडिंगच्या वेळचं मालाचं तापमान आणि शेरा. शेडवरचे भाऊ फोनवर यादी पुढे-मागे सरकवत पॅलेट शोधतात. ऑफिसमधल्या ताई कार्डावरचा कंटेनर नंबर आणि बागेचे क्रमांक उचलून पॅकिंग लिस्टमध्ये टाकतात. कार्डं हलवायची नसली तरी वाचायची, शोधायची, कॉपी करायची, भरायची असतात. आणि नेमक्या याच वेळी सगळं अडत होतं.

शेडवरच्या भाऊंची तक्रार एका वाक्यात होती: “लॉक केलं ना सर, की फोनवर काही खालीच जात नाही.” कार्डावर बोट ठेवून वर सरकवलं की पान जागेवरून हलायचं नाही. दोन कार्डांच्या मधल्या बोटभर फटीत अंगठा धरला तरच सरकायचं. ताईंची यादी मोठी होती. कंटेनर नंबर माउसने सिलेक्ट होत नाही. तापमानाच्या चौकटीत क्लिक केलं तरी कर्सर येत नाही, पण टॅब दाबत गेलं की येतो. शेऱ्यात स्पेस पडत नाही. आणि कधीकधी, रोज नाही, अख्ख्या पानावर कुठलंच अक्षर सिलेक्ट होत नाही. रिफ्रेश केलं की ठीक.

कंटेनर नंबर कॉपी होत नाही ही किरकोळ गैरसोय वाटेल. तो नंबर आयएसओ ६३४६ या मानकाप्रमाणे असतो: ४ अक्षरं आणि ७ अंक, त्यातला शेवटचा अंक आधीच्या सगळ्यांवरून काढलेला पडताळणीचा अंक. रात्री दहा वाजता ११ चिन्हं बघून बघून टाइप करायची, तेही दिवसभरात आलेल्या प्रत्येक कंटेनरसाठी, म्हणजे चूक ठरलेलीच. पडताळणीचा अंक असल्यामुळे शिपिंगच्या फॉर्मने चुकीचे नंबर नाकारले, आणि त्यावरूनच ताईंनी तक्रारीला जोर लावला. बागेच्या नोंदणी क्रमांकाची चूक पकडायला मात्र त्यांच्यापाशी असं काही हुकमी साधन नव्हतं. जिथे कॉपी-पेस्ट अडवलं जातं, तिथे माणूस हाताने टाइप करतो, आणि मग चुकीची जबाबदारीही त्याच्याच माथी येते. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ही.

आधीच्या टीमने एक उपाय करून पाहिला होता आणि लगेच मागे घेतला होता. लॉक झालेल्या कार्डाला सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत, ‘पॉइंटर-इव्हेंट्स: नन’ लावलं. त्यामुळे कार्डावर माउस किंवा बोट पोहोचतच नाही. अहवालाची लिंक उघडेना, चौकटीत शिरता येईना. उलट कीबोर्डला ही सीएसएस अडवत नाही, त्यामुळे टॅबने सगळीकडे जाता येत होतं. म्हणजे अडवायचं ते नीट अडलं नाही, आणि चालू ठेवायचं ते बंद पडलं. ‘इनर्ट’ नावाचं एक ॲट्रिब्यूटही (पानातल्या घटकाला लावायचा गुणधर्म) आहे, २०२३ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालणारं. तेही इथे नको, कारण ते क्लिक, फोकस, सिलेक्शन, पानात शोधणं, सगळंच काढून घेतं. उघडलेल्या डायलॉगमागचं पान गोठवायला ते उत्तम आहे. वाचायच्या कार्डाला लावणं म्हणजे ते कार्ड वापरणाऱ्याच्या हातून काढून घेणं.

तपासाला खरी दिशा मिळाली ती ताई आणि भाऊ यांच्या बोलण्यातल्या एका विसंगतीने. अहवालाची लिंक ऑफिसच्या कॉम्प्युटरवर क्लिक केली की उघडायची. तीच लिंक, त्याच लॉक झालेल्या कार्डावर, फोनवर बोट लावलं तर उघडायची नाही.

याचं कारण ब्राउझरच्या नियमात आहे. माउसचं बटण दाबलं की ‘माउसडाउन’ हा इव्हेंट, म्हणजे घडलेल्या कृतीची सूचना, येतो, आणि त्यावर ब्राउझर स्वतःहून काही कामं करतो: त्या जागी फोकस नेतो (म्हणजे पुढचं टायपिंग तिथे जाईल), अक्षरं सिलेक्ट करायला सुरुवात करतो, लिंक किंवा चित्र असेल तर ते ओढायची तयारी ठेवतो. स्क्रिप्टने त्या इव्हेंटवर ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ म्हटलं की ही सगळी कामं थांबतात, पण ‘क्लिक’ थांबत नाही. म्हणून लिंक उघडते, कर्सर मात्र चौकटीत येत नाही आणि सिलेक्शन सुरू होत नाही. बोटाचं वेगळं आहे. ‘टचस्टार्ट’वर ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ म्हटलं तर स्क्रोल थांबतो, आणि त्या स्पर्शातून पुढे तयार होणारे माउसचे इव्हेंट आणि क्लिक हे सगळेच रद्द होतात. कॉम्प्युटरवर लिंक चालते, फोनवर चालत नाही, आणि दोन्हीकडे चौकटीत शिरता येत नाही: हे चित्र दिसलं की दोन्ही इव्हेंट कोणीतरी गिळतंय हे कोड न उघडताही कळतं.

कोड उघडला तर तसंच होतं. कार्डावर बसवलेल्या फंक्शनची पहिली ओळ ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’, आणि दुसरी ओळ ‘प्लॅन लॉक असेल तर परत जा’. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ड्रॅग बंद झालं होतं. कार्ड खरंच हलत नव्हतं. पण ब्राउझरला ‘तुझं काम करू नकोस’ हे आधीच सांगून झालं होतं, आणि मग स्वतःही काही न करता फंक्शन निघून गेलं. हे फंक्शन डाव्या बटणापुरतंही मर्यादित नव्हतं. मधलं बटण, उजवं बटण, सगळ्यांना तोच न्याय. क्रोमने ५६व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, विंडो, डॉक्युमेंट आणि बॉडीवर बसवलेले स्पर्शाचे लिसनर (इव्हेंट ऐकणारी फंक्शन) आपोआप ‘पॅसिव्ह’ धरायला सुरुवात केली, म्हणजे त्यांना स्क्रोल अडवता येत नाही. इथे लिसनर थेट कार्डावर होते, त्यामुळे ते संरक्षणही लागू पडलं नाही.

दोन ओळींची अदलाबदल केली. कॉम्प्युटरवरच्या तापमानाच्या चौकटीत कर्सर यायला लागला. फोनवर लिंक उघडायला लागली. पण सिलेक्शन अजून बंद, आणि फोनवरचा स्क्रोल तसाच ठप्प.

इथे पुष्कळ जण स्क्रिप्टमध्येच आणखी खोल शिरतात, आणि तिथे सापडण्यासारखं काही नसतं. उरलेला दोष सीएसएसमध्ये होता. कार्डाच्या मूळ क्लासलाच तीन गोष्टी कायमच्या चिकटवलेल्या होत्या: ‘युजर-सिलेक्ट: नन’, ‘टच-ॲक्शन: नन’ आणि पकडायच्या हाताचा कर्सर. प्लॅन लॉक असो की नसो, त्यांना काही फरक पडत नव्हता. यातली ‘टच-ॲक्शन’ नीट समजून घ्यायला हवी. ती स्क्रिप्टला विचारत नाही. बोट टेकताक्षणी ब्राउझर त्या घटकाची आणि त्याच्या वरच्या घटकांची ‘टच-ॲक्शन’ पाहतो आणि हा स्पर्श स्क्रोलसाठी आपण घ्यायचा की पानाला द्यायचा हे ठरवतो. ‘नन’ असेल तर तो कधीच घेत नाही. एकही लिसनर नसला तरी पान हलणार नाही, दोन बोटांनी झूमही होणार नाही. एकदा ठरलं की त्या स्पर्शापुरतं बदलत नाही. मध्येच क्लास काढून उपयोग होत नाही, पुढच्या स्पर्शापासून तो लागू होतो. ‘युजर-सिलेक्ट’चं तसंच: कार्डाच्या बाहेरून सिलेक्शन सुरू करून कार्डावरून ओढत नेलं तरी आतली अक्षरं कॉपीत येत नव्हती.

शेऱ्यातल्या स्पेसचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला होता. ताईंनी मला दाखवलेला एक शेरा होता: “पॅलेटउशिराआलेपुन्हाकूलिंगलाटाकले”. असे शेरे यादीभर होते. आधीच्या टीमने कीबोर्डनेही कार्ड हलवता यावं अशी सोय केली होती, आणि ती कौतुकाचीच गोष्ट आहे. कार्डावर फोकस असताना स्पेस दाबा, कार्ड उचललं जाईल, बाणांनी हलवा, पुन्हा स्पेस दाबा, ठेवलं जाईल. त्यासाठी कार्डावर ‘कीडाउन’ ऐकत होते आणि स्पेसने पान खाली सरकू नये म्हणून तिथेही ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’. पण कीबोर्डचे इव्हेंट आतून बाहेर चढत येतात. शेऱ्याच्या चौकटीत दाबलेली स्पेस कार्डापर्यंत पोहोचायची, आणि कार्ड ती खाऊन टाकायचं. लॉकच्या आधी ही चौकट दिसतच नाही, त्यामुळे चाचणी करताना कोणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. इव्हेंट कार्डावरच सुरू झाला आहे की आतल्या एखाद्या चौकटीत, हे तपासणारी एक ओळ हवी होती, ती नव्हती.

आणि कधीकधी अख्खं पान गोठायचं ते? याला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ते मुद्दाम घडवून आणता येत नव्हतं. शेवटी दोन माणसांनी एकाच वेळी बोर्ड उघडला तेव्हा सापडलं. एक जण कार्ड ओढत असताना दुसऱ्याने ‘प्लॅन लॉक’ दाबलं की ते ओढणाऱ्याच्या पडद्यावरही लगेच पोहोचायचं. ड्रॅग सुरू होताना स्क्रिप्ट बॉडीला एक क्लास लावायची, ज्याने ओढताना अख्ख्या पानावरची अक्षरं निळी होत नाहीत. ड्रॅग संपताना तो काढायचा. पण संपवणाऱ्या फंक्शनच्या तोंडाशीही तेच वाक्य होतं: ‘प्लॅन लॉक असेल तर परत जा’. मधल्या काळात प्लॅन लॉक झाला होता, म्हणून आवराआवर न करता ते परत गेलं. क्लास बॉडीवर तसाच राहिला, रिफ्रेश होईपर्यंत. ज्याने एखादी गोष्ट पसरली त्याने ती कोणत्याही परिस्थितीत आवरली पाहिजे. सुरुवात करायला परवानगी लागू शकते, आवरायला लागता कामा नये.

यापुढे एक छोटी पण चिवट गोष्ट सापडली. ओढताना ब्राउझर लिंकची किंवा चित्राची फिकट प्रतिमा स्वतःहून दाखवतो, ती नको म्हणून ‘ड्रॅगस्टार्ट’ हा इव्हेंट थेट डॉक्युमेंटवर अडवलेला होता. परिणामी अख्ख्या साइटवर कुठलीही लिंक नव्या टॅबमध्ये ओढून टाकता येत नव्हती आणि सिलेक्ट केलेला मजकूर चौकटीत ओढून सोडता येत नव्हता. बोर्डाचं पान उघडून मग दुसऱ्या पानावर गेलं तरी, कारण ब्राउझरच्या दृष्टीने साइट एकाच पानाची होती, पानं आतल्या आत बदलायची, आणि लिसनर कोणी काढतच नव्हतं.

दुरुस्तीचा विचार करताना मी एकच कसोटी धरली. लॉक झालेलं कार्ड हे ड्रॅगची स्क्रिप्ट कधी लिहिलीच नसती तर जसं वागलं असतं, अगदी तसं वागलं पाहिजे. ब्राउझरकडे आधीपासून जे आहे ते आपण दिलेलं नाही, म्हणून काढून घ्यायचा अधिकारही आपल्याला नाही. ड्रॅग हा आपण वर चढवलेला थर आहे आणि लॉक म्हणजे तो थर उतरवणं. ‘बंद’चा अर्थ ‘अडव’ असा घेतला की प्रत्येक अडवणुकीबरोबर दुसरं काहीतरी अडतं. ‘बंद’चा अर्थ ‘काहीच लावू नकोस’ असा घेतला की कोड कमी होतो आणि विचार करायच्या जागाही कमी होतात.

त्याप्रमाणे लॉक आहे की नाही हे तपासणारे सगळे ‘परत जा’ काढून टाकले. लॉक असेल तर लिसनर बसवायचेच नाहीत. असतील तर उतरवायचे. सीएसएसमधून ‘युजर-सिलेक्ट’ आणि ‘टच-ॲक्शन’ कार्डावरून काढले. कार्डाच्या डाव्या कडेला एक पट्टी केली, पकडायची जागा, आणि हे दोन नियम फक्त त्या पट्टीला, तेही लॉक नसताना. सफारीसाठी ‘युजर-सिलेक्ट’ला वेबकिट या तिच्या इंजिनाचा उपसर्गही लागतो, तो ठेवला. पट्टीवर पॉइंटर इव्हेंट (माउस आणि बोट दोन्हींसाठी सामाईक) वापरले, फक्त मुख्य बटण आणि पहिलं बोट पाहून. दाबताक्षणी काहीच अडवायचं नाही. चार-पाच पिक्सेल सरकलं की मगच ते ओढणं धरायचं. पॉइंटर रद्द झाल्याचा इव्हेंट आला किंवा मध्येच प्लॅन लॉक झाला तर कार्ड मूळ जागी जातं, बॉडीवरचा क्लास निघतो आणि पडद्यावर ‘प्लॅन आत्ताच लॉक झाला, कार्ड परत ठेवलं’ असं दिसतं. तेच वाक्य स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ऐकवतो.

ब्राउझरचं स्वतःचं ड्रॅग-ॲण्ड-ड्रॉप वापरावं का, हा विचारही झाला. ते जुनं आहे. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आणलं आणि पुढे एचटीएमएलच्या मानकात आलं. पण शेडवर फोन आणि बोट हेच मुख्य, आणि त्याची रचना मुळात माउससाठीची. शिवाय ज्या घटकाचं ‘ड्रॅगेबल’ हे ॲट्रिब्यूट ट्रू केलं, त्याच्या आतला मजकूर माउसने नेहमीसारखा सिलेक्ट होत नाही. तरीही ज्यांच्याकडे ते वापरात आहे त्यांच्यासाठी एक बारकावा सांगतो, कारण तो या विषयाच्या गाभ्याशी आहे. ‘ड्रॅगेबल’ला तीन अवस्था आहेत: ट्रू, फॉल्स आणि ऑटो. ॲट्रिब्यूट लिहिलंच नाही तर ऑटो. ऑटोमध्ये लिंक आणि चित्रं ओढता येतात, बाकी घटक नाही. लॉक करताना कार्डाची चौकट साधी ‘डिव्ह’ असेल तर फॉल्स लिहा किंवा ॲट्रिब्यूट काढा, फरक पडत नाही. पण कार्ड स्वतःच लिंक असेल आणि तुम्ही फॉल्स लिहिलं, तर वापरणाऱ्याला ती लिंक टॅबवर ओढता येणार नाही. ॲट्रिब्यूट काढलं तर ब्राउझरचं मूळ वागणं परत येतं. फॉल्स म्हणजे मनाई. नसणं म्हणजे जैसे थे. लॉकसाठी दुसरं हवं.

पट्टीवरून भाऊंशी बराच वाद झाला, आणि त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. आधी अख्खं कार्ड कुठेही धरून ओढता यायचं. कोल्ड स्टोरेजमधून बाहेर आल्यावर बोटं गारठलेली असतात. तेव्हा पट्टीवरच्या बारीक सहा ठिपक्यांवर नेमकं बोट ठेवायला सांगणं हा जुलूम आहे. पण अख्खं कार्ड ओढण्यासाठी राखलं तर लॉक नसतानाही त्यावरून स्क्रोल करता येणार नाही आणि नंबर कॉपी करता येणार नाही. मधला मार्ग म्हणून पट्टी कार्डाच्या पूर्ण उंचीची आणि अंगठा आरामात बसेल इतकी रुंद केली, ४४ पिक्सेल. डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सुलभतेच्या मानकात एए पातळीला किमान २४ पिक्सेल मागितले आहेत. शेडसाठी ते पुरेसे नाहीत असं माझं मत. त्याच मानकात, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला २.५.७ हा निकष सांगतो की ओढून होणारं काम न ओढताही, नुसतं दाबून, करता आलं पाहिजे. म्हणून पट्टीला दाबलं की ‘वर’, ‘खाली’, ‘दुसऱ्या कंटेनरला’ असा छोटा मेनू उघडतो. भाऊ आता ओढण्यापेक्षा तोच जास्त वापरतात. ‘दुसऱ्या कंटेनरला’ हे ओढून करायला फोनच्या पडद्यावर जागाच नसते.

कीबोर्डची सोय पट्टीवर नेली, आणि पट्टी खरोखरचं बटण केली. आधी अख्ख्या कार्डाला बटणाची भूमिका दिलेली होती आणि आत लिंक आणि चौकटी. स्क्रीन रीडर अशा वेळी आतलं नीट सांगत नाही, आणि लॉक झाल्यावरही ‘बटण’ म्हणत राहतो. आता लॉक झाला की ओढायची पट्टी पानातून जाते, तिथे कुलपाचं चित्र येतं, आणि बोर्डाच्या माथ्यावर शब्दांत लिहिलेलं असतं: ‘प्लॅन लॉक. क्रम बदलता येणार नाही. तापमान आणि शेरा भरता येईल.’ इथे एक काळजी घ्यावी लागली. ज्या बटणावर फोकस आहे तेच पानातून काढलं तर फोकस बॉडीवर जातो आणि कीबोर्डवर काम करणारा माणूस यादीच्या मधून एकदम वर फेकला जाऊ शकतो. म्हणून काढण्याआधी फोकस त्याच कार्डाच्या तापमानाच्या चौकटीत नेला. लॉकनंतर पहिलं काम तिथलंच असतं, त्यामुळे ताईंना हे आपसूक बरं पडलं.

चाचणीसाठी बोर्डाची एक साधी प्रत तयार केली: तेच एचटीएमएल, स्क्रिप्ट पूर्ण बंद. लॉक झालेला खरा बोर्ड आणि ही प्रत शेजारी शेजारी उघडायची आणि दोन्हीकडे तीच कृती करायची. कंटेनर नंबरावर दोनदा क्लिक करून शब्द धरणं. कार्डाच्या मधोमध बोट ठेवून स्क्रोल. दोन बोटांनी झूम. लिंकवर कंट्रोल धरून क्लिक, मधलं बटण, उजवं बटण, आणि लिंक ओढून टॅबवर टाकणं. फोनवर नोंदणी क्रमांकावर दाबून धरणं. चौकटीत स्पेस, बाण, होम, एंड. एनव्हीडीए आणि टॉकबॅक या स्क्रीन रीडरने कार्ड ऐकणं. जिथे दोन्हीकडे वेगळं घडलं, तिथे आपली स्क्रिप्ट अजून कुठेतरी हात घालते आहे. ही पद्धत मला इतर सगळ्या यादीवार चाचण्यांपेक्षा जास्त विश्वासाची वाटते, कारण ब्राउझर काय काय करतो याची पूर्ण यादी कोणाच्याच डोक्यात नसते, आणि इथे ती लागतच नाही.

ड्रॅगची तयार लायब्ररी (दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड) वापरली असती तर हे टळलं असतं का? अर्धंमुर्धं. सॉर्टेबलजेएसमध्ये काही घटक ओढण्यातून वगळायला ‘फिल्टर’ हा पर्याय आहे, आणि त्याच्या जोडीला ‘प्रिव्हेंट ऑन फिल्टर’ नावाचा दुसरा, जो मुळात ट्रू असतो. म्हणजे वगळलेल्या घटकावर दाबलं की लायब्ररी ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ बोलावते. वगळलेल्या कार्डात चौकट असेल आणि तिच्यात शिरता येत नसेल तर आधी हा पर्याय फॉल्स करून पाहावा. डीएनडी किट या दुसऱ्या लायब्ररीत घटक ‘डिसेबल्ड’ केला की लिसनर मिळतच नाहीत, ही योग्य दिशा. पण सोबत मिळणारी ॲट्रिब्यूट जशीच्या तशी पसरली तर बटणाची भूमिका आणि टॅबचा थांबा मागे राहतो. आणि कार्डाच्या क्लासमध्ये स्वतःच लिहिलेल्या ‘टच-ॲक्शन: नन’ला कुठलीच लायब्ररी काढत नाही. तेव्हा लायब्ररी कोणतीही असो, लॉक झालेल्या अवस्थेची चाचणी वेगळी करावी लागतेच. डेमोमध्ये सगळे ओढून दाखवतात. बंद केल्यावर काय उरतं ते कोणी दाखवत नाही.

आता भाऊ कार्डावरच अंगठा ठेवून यादी सरकवतात आणि ताई कंटेनर नंबर दोनदा क्लिक करून उचलतात. नंबर तीन तुकड्यांत सुंदर दिसावा म्हणून मध्ये रिकाम्या जागा दिलेल्या होत्या. दोन क्लिकमध्ये एकच तुकडा यायचा. तो एकसंध मजकूर केला आणि दिसायचं अंतर सीएसएसने दिलं. स्पेस नसलेले जुने शेरे तसेच आहेत. ते निघून गेलेल्या मालाच्या नोंदीतले आहेत, आणि नंतर हात लावायचा नाही असं पॅकहाऊसच्या मालकांनीच ठरवलं. कोल्ड स्टोरेजच्या नकाशाचं पान अजून जुन्याच स्क्रिप्टवर चालतं. तिथे रॅकची जागा ओढून बदलतात आणि रात्रपाळीला ते लॉक होतं. त्याची साधी प्रत काढून झाली आहे, हंगाम उतरला की ते काम हातात घ्यायचं आहे.